बागेच्या भिंतीवरचा आदिवासी

९ ऑगस्टला जळगावातल्या एका बागेत मुलांना घेऊन गेलो होतो. जागतिक आदिवासी दिनाचा कार्यक्रम होता. ढोल वाजत होता, पावरा पोरंपोरी ठेक्यात नाचत होती. बागेच्या भिंतीवर मात्र वारली चित्रं काढलेली. वारली समाज पालघर-डहाणूकडचा. आपल्या सातपुड्यात भिल्ल, पावरा, तडवी राहतात. शेजारी कोण राहतो हेच ठाऊक नसेल, तर आपण उत्सव नेमका कोणाचा करतो?

सोबत यावलकडचा माझा तडवी मित्र होता. त्याचं नाव ऐकून एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही तर मुसलमान, मग आदिवासी कसे?" मित्र हसून गप्प बसला. परतताना म्हणाला, "हाच प्रश्न मला मशिदीतही विचारतात. फक्त उलटा."

हे आपल्याला लागायला हवं. यावल, रावेर, चोपड्याचे तडवी भिल्ल पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान आहेत आणि आदिवासीही. १९५० च्या अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाही. आज धर्म बदललेल्यांना त्या यादीतून वगळा, अशी मागणी होते आहे. अशा वेळी त्यांच्या बाजूने बोलायचं सोडून आपणच त्यांना कमी मुसलमान समजत असू, तर दोष फक्त त्या गृहस्थांचा कसा?

आदिवासी संस्कृतीचं निसर्गाशी नातं आहे, हे भाषणात सगळेच म्हणतात. ते नातं कामाचं आहे. मोहाची फुलं पहाटे वेचावी लागतात. बाळंतिणीच्या लाडवात आपण घालतो तो धावड्याचा डिंक कुणीतरी रानात फिरून गोळा केलेला असतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने स्वतः नियम करून सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं. तिथे दरवर्षी रानभाज्यांची स्पर्धा होते. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. भिंत रंगवण्यापेक्षा हे शिकण्यासारखं आहे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जळगाव-धुळ्याच्या बागांत शोभेच्या झुडपांबरोबर मोह, पळस, धावडा, अंजन, चारोळी लावा. पाटीवर मराठीसोबत भिली, पावरी, तडवी नावं लिहा. ती नावं काय आहेत हे त्या-त्या समाजाच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि कार्यक्रमात माइक त्यांच्या हाती द्या. वनहक्काचे दावे अडकलेल्यांना नुसतं नाचायला बोलावू नका, त्यांचं म्हणणंही ऐका.

झाड लावणं हा सदका आहे, असं आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. झाड राखणाऱ्याला 'तू आमचाच' म्हणणं, हाही सदकाच. त्याला रोपसुद्धा लागत नाही.