फ्लॅश नाही, पोज नाही

येणेजाणे : प्रवास आणि पर्यटनावरचा साप्ताहिक स्तंभ

युरोपातल्या क्रूझवर जाणारी मराठी मंडळी आता वर्धा-यवतमाळकडेही दुर्मीळ राहिलेली नाहीत. सकाळी जहाज बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं आणि मधल्या काही तासांत एक अख्खं शहर उरकायचं असतं. क्रोएशियातल्या डुब्रोव्हनिकला जहाज थांबलं की त्या शहराची नामांकित तटबंदी बाजूला राहते आणि बरेच जण आधी एक जिना शोधतात. सेंट इग्नेशियसच्या चर्चकडे चढत जाणारा हा दगडी जिना. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिकेत राणीची धिंड निघते ती या जिन्यावरून. मालिकेतली राजधानी म्हणून २०११ पासून पुढे कित्येक हंगाम इथे चित्रीकरण झालं. आता रोज शेकडो माणसं पायऱ्यांवर उभी राहून फोटो काढतात, फोटो घरच्या ग्रुपवर पडतो, खाली अंगठे येतात. समोरच्या लोकरूम बेटावर मालिकेतल्या सिंहासनाची प्रतिकृती ठेवली आहे. तिच्यावर बसायलाही रांग लागते.

या जिन्याचं एक दुखणं आहे. १९९१ च्या डिसेंबरात याच शहरावर तोफगोळे पडत होते. तटावरून खाली पाहिलं की जुनी फिकी कौलं आणि युद्धानंतर नव्याने बसवलेली लालभडक कौलं आजही वेगळी ओळखू येतात. खरा वेढा ज्या माणसांनी सोसला ती माणसं अजून त्या गल्ल्यांत राहतात, आणि पाहुणे विचारतात की ड्रॅगनवाली लढाई नेमकी कुठे झाली. तीही बिचारी सांगतात, कारण पोट त्यावर आहे. पण गर्दी इतकी वाढली की युनेस्कोने कान टोचले आणि २०१९ पासून शहराने एका वेळी दोनच जहाजं आणि ४,००० प्रवासी अशी मर्यादा घातली. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने पर्यटकाला दारातच थांबवायला छाती लागते. त्या शहरप्रमुखाचं मला कौतुक वाटतं.

ही मंडळी उथळ, मालिका पाहून इतिहास शोधणारी, असं म्हणून नाक मुरडणं सोपं आहे. मी ते करणार नाही. कथेचा माग काढत जागेपर्यंत जाणं ही आपली फार जुनी खोड आहे. नाशकात उतरलेला माणूस पंचवटी आणि सीतागुंफा बघितल्याशिवाय परत फिरतो का? गोष्ट आधी ऐकलेली असते आणि पाय नंतर तिकडे वळतात. टीव्हीने एवढंच केलं की गोष्ट ताजी केली आणि जागेला नावगावासकट पत्ता दिला.

आपल्याकडचं डुब्रोव्हनिक पाहायचं असेल तर कुडाळ तालुक्यातल्या आकेरीला जावं. २०१६ साली ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली आणि या गावातला एक वाडा ‘नाईकांचा वाडा’ म्हणून घराघरांत पोचला. पुढच्या भागांत अण्णा नाईक आणि शेवंता आल्यावर तर विचारूच नका. गोव्याकडे निघालेल्या गाड्या वाट वाकडी करून आकेरीत शिरू लागल्या. गावात रामेश्वराचं जुनं, देखणं देऊळ आहे. त्याच्यासाठी वाट वाकडी करणारे किती असतील ते तुम्हीच ठरवा. आता ज्या अंगणात प्रेक्षकाला भूत दिसतं, त्या अंगणात कुणाचं तरी वाळवण पडलेलं असतं. तो वाडा म्हणजे कुणाचं तरी घर आहे. तिकीट काढून आत गेलेल्याला संग्रहालयात जो हक्क असतो, तो इथे रस्त्यावरून डोकावणाऱ्याला कुणी दिला?

वाईजवळच्या मेणवलीची गंमत वेगळी. नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेवरचा तो घाट हिंदी सिनेमाने इतका वापरलाय की दगड न् दगड ओळखीचा झालाय. ‘स्वदेस’ला २० वर्षं उलटून गेली, तरी ‘शाहरुख इथेच बसला होता ना?’ हा प्रश्न घाटावर हमखास ऐकू येतो. त्याच घाटावर एका छोट्या देवळीत एक भलीमोठी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण वसईच्या किनाऱ्यावरून इथे कृष्णाकाठी आली. या एका घंटेवर मालिकेचे ५० भाग निघतील. तिच्याकडे पाठ करून काढलेले फोटो मात्र अगणित असतील.

आणि मग आमचं सेवाग्राम. इथल्या आश्रमाला लोकेशन म्हणून पाहायला कुणी येत नाही, असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. गांधी म्हटलं की आज निम्म्या लोकांच्या डोळ्यांपुढे बेन किंग्जले उभा राहतो. बापू कुटीच्या दारात चपला काढताना ‘सिनेमात दाखवलंय तेच ना हे?’ असा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. रिचर्ड ॲटनबरोंच्या त्या चित्रपटाचं सेवाग्रामशी नातं आहे, पण ते पडद्यावर शोधून सापडत नाही. ते असं : १९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर नावाचा अमेरिकन पत्रकार इथे आठवडाभर राहिला. विदर्भातला जून म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक. साहेबाने त्यावर उपाय काढला. पत्र्याच्या टबात पाणी, पाण्यात खोकं, खोक्यावर स्वतः आणि पुढ्यातल्या दुसऱ्या खोक्यावर टाइपरायटर. अंगावर पाणी ओतून घेत त्याने टिपणं काढली. रोज ठरल्या वेळी बापूंशी बोलणं, त्यांच्याच पंगतीला जेवण, त्यांच्याबरोबर फिरणं. त्या आठवड्यावर त्याने एक पुस्तक लिहिलं आणि पुढे १९५० साली गांधींचं मोठं चरित्र. तेच चरित्र १९६२ साली लंडनमधल्या मोतीलाल कोठारींनी ॲटनबरोंच्या हाती ठेवलं. चित्रपट यायला त्यानंतर २० वर्षं लागली. भानू अथैय्यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, कोल्हापूरच्या मुलीने देशाला पहिलं ऑस्कर आणलं, हे सगळं नंतरचं. मूळ शोधत मागे गेलात तर सेवाग्रामच्या उन्हातल्या त्या टबापाशी येऊन पोचता.

पण सेवाग्राम आणि कॅमेरा यांची खरी गोष्ट याहून जुनी आहे आणि आजच्या पर्यटनाला ती जास्त लागू पडते. बापूंचे नातलग कनू गांधी आश्रमात राहून काम करत. विशीतला तरुण, फोटोचं वेड. घनश्यामदास बिर्लांनी त्यांना १०० रुपये दिले आणि रोलीफ्लेक्स कॅमेरा आला. बापूंनी परवानगी दिली, तीन अटी घालून. फ्लॅश वापरायचा नाही. कुणाला पोज द्यायला सांगायचं नाही. आणि या छंदासाठी आश्रम एक पैसा देणार नाही. एवढ्या अटींत राहून कनूंनी जे टिपलं तेवढ्या जवळून गांधींना दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्याने क्वचितच पाहिलं असेल. टेलिफोनवर बोलणारे बापू, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसलेले बापू. कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची सेवा इथेच बापू स्वतःच्या हातांनी करत. त्या शास्त्रींची कुटी आजही इथे उभी आहे, बापू कुटीपासून हाकेच्या अंतरावर. बसमधून उतरलेले फार थोडे तिकडे वळतात.

एकदा मात्र बापूंनी कनूंना साफ नाही म्हटलं. १९४४ चा फेब्रुवारी, पुण्याचा आगाखान महाल, आणि कस्तुरबांची शेवटची घटका. तो क्षण कॅमेऱ्यात येऊ द्यायचा नाही, असं बापूंनी ठरवलं. ‘गांधी’ चित्रपटासाठी जवळपास चार दशकांनंतर त्याच आगाखान महालात चित्रीकरण झालं. कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी पुण्याच्याच. त्यांचं काम इतकं उत्तम की त्यावर बोट ठेवायला जागा नाही. मला कुणाला दोष द्यायचा नाही. सिनेमा म्हणजे मुळातच ठरवून दिलेली पोज, आणि ते पाहणाऱ्याला ठाऊक असतं. पण महालात जाणाऱ्याला ‘हा सीन इथे घेतला’ हे जसं सांगता येतं, तसंच ‘हा फोटो इथे घेऊ दिला नव्हता’ हेही सांगता येईल. बाहेरच्या समाधींपाशी उभ्या राहणाऱ्याच्या मनात ही दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी असावीत असं मला वाटतं. मालिकेचं लोकेशन दाखवणाऱ्या गाइडला हे जमायला हवं. पडद्यावर काय आलं याच्याबरोबर काय आलं नाही हेही त्याने सांगावं. डुब्रोव्हनिकच्या गाइडने जिन्याबरोबर कौलांचे दोन रंग दाखवले की त्याचं काम झालं.

बापूंची तिसरी अट आज सगळ्यात विसरली गेली आहे. फोटोसाठी आश्रम खर्च करणार नाही, याचा मला कळलेला अर्थ असा की कॅमेऱ्यात छान दिसण्यासाठी जागेने स्वतःवर पैसा उडवायचा नसतो. आम्ही नेमकं उलटं करतो आहोत. सेवाग्राम विकास आराखड्यातली सगळीच कामं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. येणाऱ्याला सोय हवीच. पण भलामोठा चरखा उभारला आणि भंगारातून घडवलेले गांधी-विनोबांचे पुतळे उभे केले, तेव्हा आपण आपल्याच आश्रमाशेजारी एक लोकेशन बांधलं. चरखा माणसाच्या मांडीशी मावावा म्हणून बापूंनी पेटीत बसणाऱ्या चरख्याचा आग्रह धरला, आणि आपण तो फोटोत मावणार नाही एवढा केला! गाड्या तिथे आधी थांबतात. आश्रमात मात्र मातीच्या भिंती आहेत, मीराबेननी त्यांवर हातांनी उठवलेले ताडाचे झाड आणि चरखा आहे. या भिंतींना पावसाळ्यानंतर पुन्हा लिंपावं लागतं, कौलं शाकारावी लागतात. शूटिंगचा सेट काम झालं की मोडतात. इथे उलटी कथा, आठ-नऊ दशकं हात फिरत राहिले म्हणून कुटी उभी आहे. सरकारला खर्चच करायचा असेल तर या लिंपणाऱ्या हातांवर करावा. माती, शेण, बांबू आणि कवेलू यांचं काम जाणणारी माणसं गावात कमी होत चालली आहेत, आणि ती पुतळ्यांसारखी निविदा काढून मिळत नाहीत.

बरं, पाहुण्याला दोष देऊन तरी काय होणार? त्याची बस नागपुरातून सकाळी निघते. गीताई मंदिर, विश्वशांती स्तूप, सेवाग्राम, पवनार, वाटेत गोरसपाकाची खरेदी आणि अंधार पडायच्या आत परत. यात सेवाग्रामच्या वाट्याला जो वेळ येतो तो क्रूझच्या थांब्यापेक्षाही कमी. त्यात आदि निवास, बा कुटी, बापू कुटी, व्हाइसरॉयने लावून दिलेला टेलिफोन आणि साप पकडून दूर सोडायचा पिंजरा, एवढं बघून होतं. याच वर्ध्यात जुलै १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीने ‘चले जाव’चा ठराव केला, ऑगस्टमध्ये इथूनच बापू मुंबईला गेले आणि ९ तारखेला पहाटे पकडले गेले, हे सांगायला वेळ नसतो. जाऊ द्या. एवढं सगळं एका थांब्यात कुणीच सांगू शकणार नाही.

डुब्रोव्हनिकसारखी संख्येची मर्यादा सेवाग्रामला घालायची गरज नाही. गर्दी इथे २ ऑक्टोबरला आणि शाळांच्या सहलींत होते, बाकी वर्षभर आश्रम तसा मोकळाच. आकेरीने आणि मेणवलीने मात्र आताच बसून ठरवावं. गाड्या कुठे लावायच्या, किती वाजता यायचं, कुणाच्या अंगणात पाय टाकायचा नाही. आणि चित्रीकरणाला जागा देताना निर्मात्याकडून लेखी घ्यावं की मालिका संपल्यावर येणाऱ्या गर्दीची झळ घरमालकाने आणि ग्रामपंचायतीने एकट्याने सोसायची नाही. शूटिंगचं भाडं ठरवताना ही बाजू कुणाच्या ध्यानात येत नाही. मालिका दोन-तीन वर्षांत संपते, वाडा पाहायला लोक दहा वर्षं येत राहतात.

सेवाग्रामसाठी माझी मागणी त्याहून लहान आहे, आणि ती नागपूर-पुण्याच्या टूरवाल्यांकडे आहे. क्रम बदला. पवनार सकाळी करा, स्तूप आणि गीताई मंदिर दुपारी, सेवाग्राम शेवटी. इथे संध्याकाळची प्रार्थना होते, बापूंनी लावलेल्या पिंपळाजवळच्या मोकळ्या जागेत, जमिनीवर बसून. ती कुणासाठी भरवलेली नसते, पाहुणे असोत नसोत ती होतेच. ज्याला थांबायचं त्याच्यासाठी समोर यात्री निवास आहे. परत निघालेल्या बसला अंधार होईल, ड्रायव्हर कुरकुरेल, नागपुरात पोचायला उशीर होईल. गोरसपाक तेवढा सकाळीच घेऊन ठेवा.