हसतमुख नकार

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापिएर यांनी १९३० ते १९३२ या काळात एका तरुण चिनी दांपत्याला बरोबर घेऊन मोटारीने दूरवर प्रवास केला. चिनी मजुरांना देशात मज्जाव करणारा १८८२ चा कायदा तेव्हा अमलात होता. तरीही वाटेतील २५१ हॉटेले व उपाहारगृहांपैकी केवळ एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे काही महिन्यांनी लापिएर यांनी त्याच मालकांना पत्राने विचारले, चिनी गिऱ्हाईक आपण घ्याल काय? उत्तर धाडणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिकांनी 'नाही' असे कळविले.

समोर उभ्या असलेल्या माणसाला परतविण्याचा संकोच वाटतो. कागदावरील नावाबाबत तो वाटत नाही. आणि आधुनिक समाजाचे महत्त्वाचे व्यवहार तर कागदावरच होतात.

आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेली पाहणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. खाजगी क्षेत्रातील नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज धाडले. फरक होता तो फक्त नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोनतृतीयांश, तर मुस्लिम नावाला सुमारे एकतृतीयांश आढळला. या कचेऱ्यांत कोणी उर्मटपणे बोलत असेल असे मला वाटत नाही. चहाही बहुधा सर्वांना एकाच कपातून मिळत असेल.

गॅरी बेकर यांनी १९५७ मध्ये मांडले की पक्षपात ही मालकाची एक आवड असून तिची किंमत त्याला नफ्यातून मोजावी लागते. सबब स्पर्धेत असा मालक मागे पडेल. वर्गात हा सिद्धांत शिकविताना मला नेहमी अडखळायला होते. जेथे एका जागेसाठी सारख्याच लायकीचे शंभर उमेदवार उभे आहेत, तेथे त्यांतील तीस नावे बाजूला सारली म्हणून मालकाचे काय बिघडते? बेकारीच्या देशात पूर्वग्रह फुकट पोसता येतो.

कायद्याचे हातही येथे तोकडे पडतात. राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव सर्वांना खुले केले. सरकारी नोकरीतील समान संधी १६ व्या अनुच्छेदाने दिली. खाजगी नोकरी आणि भाड्याची खोली मात्र त्या शब्दांबाहेर राहिली. सदस्यत्व केवळ पारशांपुरते मर्यादित ठेवणारा अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेचा नियम सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध ठरविला. फाटकावरची पाटी निदान न्यायालयात नेता येते. "जागा कालच गेली हो," हे गोड वाक्य नेता येत नाही.

उदारमतवादी लोकशाही कारणे देण्याघेण्यावर चालते. मंत्र्याने, न्यायाधीशाने, अधिकाऱ्याने कारण सांगावे, म्हणजे त्याचा प्रतिवाद करता येतो. न उच्चारलेल्या द्वेषाचा प्रतिवाद कोणी कसा करावा? तो सौजन्याखाली वर्षानुवर्षे शाबूत राहतो, आणि एखादा पुढारी व्यासपीठावरून तो मोठ्याने बोलून दाखवितो तेव्हा सुशिक्षितांना प्रथम धक्का बसतो, नंतर सुटल्यासारखे वाटते. मग संस्था ढासळू लागल्या की आपण दोष त्या एका पुढाऱ्याला देतो, हे जरा सोयीचेच आहे.

अर्जाच्या पहिल्या चाळणीत उमेदवाराचे नाव झाकून ठेवण्याची पद्धत बँका, कंपन्या आणि आमची खाजगी महाविद्यालयेही येत्या भरतीपासून सुरू करू शकतील. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही.