पडावयास जागा

सन २०२५ च्या सप्टेंबर महिन्याच्या १६ तारखेस टोकियो येथील जागतिक मैदानी स्पर्धांत पुरुषांच्या उंच उडीची अंतिम फेरी झाली. न्यूझीलंडच्या हॅमिश केर यानें २.३६ मीटर उडी मारून सुवर्णपदक मिळविलें. दक्षिण कोरियाचा वू सांग-ह्योक २.३४ मीटर उडीनें दुसरा आला. त्या यादींत सहाव्या स्थानीं नाशिक जिल्ह्यांतील देवरगांवच्या सर्वेश कुशारे याचें नांव आहे. त्याची उडी २.२८ मीटर, म्हणजे त्या दिवसापर्यंतची त्याची स्वतःची सर्वोत्तम. या स्पर्धेंत पुरुषांच्या उंच उडीच्या अंतिम फेरीपर्यंत त्याच्यापूर्वीं एकही भारतीय पोंचला नव्हता. त्याचें अभिनंदन झालें तें योग्यच झालें. परंतु अभिनंदन करून मोकळें होणें ही आपली जुनी संवय आहे. या यशापासून आमच्या उपनगरवासी वाचकांनीं जो बोध घ्यावयास पाहिजे, त्याविषयीं आज दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

ही जागतिक स्पर्धा प्रथम १९८३ सालीं हेलसिंकी येथें भरली. त्या पहिल्या स्पर्धेंत सोव्हिएट संघाचा गेन्नादी अवदेयेन्को २.३२ मीटर उडी मारून विजयी झाला. अमेरिकेचा टाइक पीकॉक तेवढीच उडी मारून दुसरा ठरला, आणि चीनच्या झू जिआनहुआ यानें २.२९ मीटरवर कांस्यपदक घेतलें. म्हणजे ४२ वर्षांपूर्वीं ज्या उंचीस तिसरें पदक मिळालें, तिच्याहून टोकियोंतील आमची उडी एका सेंटिमीटरनें कमी होती. तेजस्विन शंकर यानें २०१८ मध्यें केलेला राष्ट्रीय उच्चांकही बरोबर २.२९ मीटरचाच. हें आम्ही कुशारे याचें यश कमी लेखण्यासाठीं सांगत नाहीं. एका माणसानें आपल्या पायांच्या बळावर जें भरून काढावयाचें तें त्यानें भरून काढलें. उरलेलें अंतर त्याचें नसून आमच्या व्यवस्थेचें आहे. आशियाई मनुष्याच्या देहासच ही उंची साध्य नाहीं, असेंही कोणास म्हणतां येणार नाहीं. कारण याच झू जिआनहुआ यानें हेलसिंकीपूर्वीं एक वर्ष, १९८२ च्या आशियाई स्पर्धांत, आमच्याच राजधानींत २.३३ मीटर उडी मारली होती. दिल्लीच्या प्रेक्षकांनीं ती डोळ्यांनीं पाहिली, टाळ्या वाजविल्या आणि ते घरीं गेले.

मग उणें कोठें पडलें? उंच उडीचा इतिहास पाहिला म्हणजे उत्तर सांपडतें. १८९६ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकांत १.८१ मीटर उडी विजयास पुरली. १९१२ मध्यें अमेरिकेच्या जॉर्ज होराइन यानें आडव्या अंगानें दांडी ओलांडून दोन मीटरची उंची गांठली. त्या काळीं खालीं वाळू किंवा लांकडाचा भुसा असे, म्हणून उडी कशीही मारली तरी हातापायांवर उतरणें भाग होतें. पुढें अमेरिकेंतील महाविद्यालयांत फोमच्या जाड गाद्या आल्या, तेव्हां पाठीवर पडणें निर्धोक झालें. आणि १९६८ मध्यें मेक्सिको येथें डिक फॉसबरी यानें दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उडी मारली. आज सर्व जग त्याच रीतीनें उडी मारतें. १९९३ मधील क्यूबाच्या हाविएर सोतोमायोर याचा २.४५ मीटरचा विक्रमही त्याच रीतीचा. तात्पर्य, माणूस किती उंच जाईल हें तो कशावर पडणार आहे यावर पुष्कळ अवलंबून असतें. ज्या शाळेंत गादी नाहीं, तेथील शिक्षक मुलास पाठीवर पडावयास शिकवूं शकत नाहीं. शिकविलें तर मान मोडण्याचें भय, न शिकविलें तर मूल आजोबांच्या काळांतील कात्रीउडीपाशींच अडकून राहतें.

आमच्या क्रीडेच्या इतिहासांतही हीच गोष्ट दिसते. १९२० सालीं सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकारानें अँटवर्पच्या ऑलिंपिकांस हिंदुस्थानचा संघ गेला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून त्या कल्पनेस चालना मिळाली होती. त्या संघांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले व दातार यांसारखे धांवणारे होते, नवले व शिंदे हे मल्ल होते. उंच उडीचा गडी मात्र एकही नव्हता. यांत नवल नाहीं. धांवण्यास गांवचा रस्ता पुरतो, कुस्तीस आखाड्याची माती पुरते. या दोन्ही गोष्टी आमच्या समाजानें आधींच करून ठेवल्या होत्या, म्हणून तेथें माणसें निपजलीं.

देवरगांवांत ही उणीव कशी भरून निघाली? शाळेंतील क्रीडाशिक्षक रावसाहेब जाधव यांनीं मक्याचा भुसा, कापूस असें जें हातीं लागलें तें पोत्यांत भरून मुलास पडावयास जागा केली. तेथून तो मुलगा पुढें सैन्यांत गेला व टोकियोस पोंचला. ही हकीकत ऐकून अनेक लोक म्हणतात कीं, पाहा, हालअपेष्टांतूनच वीर निर्माण होतात! हें म्हणणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. पोत्यांवर पडून एक वर आला, हें आपणांस दिसतें; पोतींही न मिळाल्यामुळें जे उडालेच नाहींत त्यांची मोजदाद कोणी ठेवीत नाहीं. देवरगांवनें जें सिद्ध केलें तें दारिद्र्याचें माहात्म्य नव्हे. एका शिक्षकानें मनावर घेतलें तर काय होतें, एवढेंच त्यावरून सिद्ध होतें.

आतां आमच्या उपनगरांकडे पाहूं. अंधेरी व घाटकोपर १९५० मध्यें, बोरीवली व मुलुंड १९५७ मध्यें मुंबई महापालिकेच्या हद्दींत आलीं. तेव्हां मोकळी जमीन पुष्कळ होती. ती गेली, आणि परत येणार नाहीं. कोणी म्हणेल, मग मैदान आणावें कोठून? परंतु उंच उडीस माळरान लागत नाहीं. नियमाप्रमाणें धांव घेण्यास किमान १५ मीटर अंतर पुरतें. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमधील अंतर याहून अधिक, २०.१२ मीटर असतें. दांडी ४ मीटरची, गादी लहान स्पर्धांस ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद. सर्व मिळून बास्केटबॉलच्या क्रीडांगणाहून कमीच जागा व्यापते. शाळेचें फरसबंद अंगणही चालेल, जर त्याच्या एका कडेस गादी असेल, पावसाळ्यांत ती झांकली जाईल, आणि शिकविणारा जाणता असेल.

पैशाची सबबही टिकत नाहीं. ज्या महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांवर गेला, तिला प्रत्येक विभागांत एक गादी परवडत नाहीं असें कोण म्हणेल? कायद्याची सबब तर त्याहून लंगडी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांत शाळेस क्रीडांगण असावें असें स्पष्ट लिहिलें आहे. आणि राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत क्रीडा हा विषय राज्यांच्या यादींत, ३३ व्या क्रमांकास घातला आहे. तेव्हां दिल्लीकडे बोट दाखवून येथील कारभाऱ्यांस सुटतां येणार नाहीं.

आमची मागणी मर्यादित आहे. उपनगरांतील प्रत्येक महापालिका विभागांत निदान एका शाळेंत उंच उडीची पूर्ण सामग्री असावी. शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवशीं तें आवार आसपासच्या सर्व शाळांतील मुलामुलींस, शुल्क न घेतां, उघडें असावें. आणि तेथें एक शिक्षित मार्गदर्शक नेमावा. खाजगी शाळांच्या चालकांनींही कुलुपें थोडीं सैल करावींत. पालकांनीं आपल्या मुलांच्या शाळेंत जाऊन एकच प्रश्न विचारावा कीं, येथें उंच उडी शिकवितात काय, आणि मूल पडतें कशावर? हा प्रश्न पुरेशा पालकांनीं विचारला, तर गाद्या येण्यास फार वर्षें लागणार नाहींत. हेलसिंकीपासून टोकियोपर्यंत ४२ वर्षें आपण गमावलीं आहेत. आज अंधेरी-मुलुंडच्या शाळेंत बसलेल्या दहा वर्षांच्या मुलास मात्र इतका वेळ थांबतां येणार नाहीं.