चिखल म्हणजे घाण नव्हे!



'होळी जळाली, थंडी पळाली' असं आपण दरवर्षी म्हणतो. थंडीबरोबर आणखीही कोणीतरी आपल्या गावातून निघून जातं, ते मात्र फारसं कोणाच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आलेले पाहुणे पक्षी माघ-फाल्गुनात परतीच्या तयारीला लागतात. धोबी, तुतारी, थापट्या, तलवार बदक... नावं तरी किती गोड आहेत बघा! यातले काही हिमालयात जातात, तर काही त्याच्याही पलीकडे, मध्य आशिया आणि सायबेरियापर्यंत. चार महिने आपल्या गावचं अन्नपाणी घेतात आणि निरोप न घेताच निघतात.

आज लिहायचं आहे ते या निघण्याच्या दिवसांबद्दल. आणि थोडं भांडायचंही आहे. भांडण कोणा एका माणसाशी नाही, आपल्या सगळ्यांच्या एका समजुतीशी आहे. पाण्याने भरलेलं तळं सुंदर आणि काठाचा चिखल म्हणजे घाण, ही ती समजूत.

आमच्या भिवंडीचं नाव काढलं की लोकांना यंत्रमागांची खटखट आठवते, आणि आता गोदामं. त्यात खोटं काही नाही. पण याच भिवंडीत वऱ्हाळदेवीचं तळं आहे, कामवारी नदी आहे, आणि काल्हेर-कशेळीच्या बाजूला खाडी आहे. दिवा-वसई गाडीने खारबावच्या बाजूला जाताना खिडकीतून बघा. खाजणं, तिवरांची झाडं, भात कापून मोकळी झालेली शेतं, मधेच साचलेलं उथळ पाणी. गाडीतले लोक मोबाइलात डोकं घालून बसलेले असतात आणि बाहेर बगळे, शेकाटे आपापल्या कामात. कोणाचं कोणाकडे लक्ष नाही!

शाळेत मुलांना मी एक प्रश्न विचारत असे. सगळ्या पक्ष्यांची चोच सारखी का नसते? मुलं पोपट, चिमणी, गरुड अशी उत्तरं द्यायची. तळ्याकाठी याचं उत्तर नुसतं बघून मिळतं. थापट्याची चोच पुढे रुंद, गवंड्याच्या थापीसारखी. तिच्या कडांना बारीक दातऱ्या असतात. त्यातून तो पाणी गाळतो आणि बारीक जीव तेवढे पोटात घेतो. तलवार बदक डोकं पाण्यात आणि शेपूट आभाळाकडे करून तळाचं खातं. वारकरी (त्यालाच चांदवा म्हणतात, काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा!) बुडी मारून पाणवनस्पती ओढून आणतो. शेकाट्या आपल्या काटकुळ्या गुलाबी पायांवर घोटाभर पाण्यात उभा राहून टिपत असतो. तुतारी मात्र पाण्यात शिरत नाही. ती काठाच्या ओल्या चिखलावर शेपटी हलवत फिरते. तिच्याहून लांब चोचीचे पक्षी त्याच चिखलात खोल चोच खुपसतात, आखूड चोचीचे वरवरचे किडे वेचतात.

म्हणजे काय, तर एका तळ्याची ही अनेक ताटं आहेत. खोल पाणी हे एक, गुडघाभर पाणी हे दुसरं, घोटाभर पाणी हे तिसरं आणि ओला चिखल हे चौथं. काठ जितका उतरता, तितक्या पंगती जास्त. पावसाळ्यात तळं तुडुंब असतं तेव्हा यातली बरीच ताटं झाकलेली असतात. पाणी हळूहळू ओसरतं आणि जानेवारी ते मार्च या काळात काठाचा चिखल उघडा पडतो. नेमक्या याच दिवसांत पाहुण्यांना त्याची सर्वांत जास्त गरज असते.

कारण प्रवास! आपण लांबच्या प्रवासाला निघताना दशम्या, चटणी, लाडू बांधून घेत असू. पक्ष्याला डबा नेता येत नाही. तो शिदोरी अंगातच बांधतो, चरबीच्या रूपाने. चिखलावर चरणारे काही पक्षी निघण्याआधी आपलं वजन दीडपट किंवा त्याहूनही जास्त करतात. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये ते सारखे खाताना दिसतात. आपल्याला ते हावरट वाटतील, पण ती पुढच्या हजारो किलोमीटरची तरतूद असते. ती बांधता आली नाही, तर पुढे वाटेत काय होईल ते सांगायला नकोच.

आणि आपण याच दिवसांत काय करतो? उघड्या पडलेल्या चिखलाकडे बघून नाक मुरडतो. 'तळ्याची काय दशा झाली आहे' म्हणतो. त्यावर राडारोडा पडला तर कोणाला वाईट वाटत नाही, उलट 'बरं झालं, जागा भरून निघाली' म्हणणारेही भेटतात. सरकारी कामांना मार्चअखेरची घाई असते. तेव्हा भिंती, फरशा, कारंजी, रंगीत दिवे यांचीही वेळ तीच येते. पाहुणा शिदोरी बांधायला बसला आहे आणि यजमान ताट उचलतो आहे, असा हा प्रकार.

मी सुशोभीकरणाच्या विरुद्ध नाही. वय झालेल्या माणसांना सपाट वाट लागते, बसायला बाक लागतो, नातवंडांना झोका लागतो. मलाही लागतो (बाक, झोका नव्हे!). वऱ्हाळदेवी तळ्याचा समावेश केंद्र सरकारच्या राष्ट्रीय तलाव संवर्धन योजनेत झाला होता. कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव यांच्या पंगतीत आमचं तळं बसलं याचा मला अभिमानच आहे. माझं म्हणणं एवढंच, की 'संवर्धन' आणि 'सुशोभीकरण' हे दोन शब्द एका अर्थाचे नाहीत. मराठीच्या शिक्षिकेला एवढं तरी म्हणू द्या! संवर्धन म्हणजे जे आहे ते वाढू देणं. चारी बाजूंनी उभी भिंत घातली की तळ्याची टाकी होते. पाणी तेवढंच दिसतं, किंबहुना जास्त स्वच्छ दिसतं, पण चारांपैकी तीन ताटं गेलेली असतात. मग तिथे पाणकावळे आणि एखादा खंड्या उरतो, आणि आपण म्हणतो, 'पूर्वीसारखे पक्षी येत नाहीत हो आता.'

दोन आक्षेप मला नेहमी ऐकू येतात. त्यांची उत्तरं द्यायला हवीत.

पहिला आक्षेप डासांचा. चिखल म्हणजे डास, डास म्हणजे आजार. आता बघा, डेंगीचा डास वाढतो तो आपल्या घरातल्या पिंपात, फुलदाणीत, गच्चीवरच्या जुन्या टायरात. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा डास वेगळा. जिवंत तळ्यात डासांची पिल्लं खाणारे मासे असतात, चतुर असतात. डास वाढवतं ते तळ्यात सोडलेलं सांडपाणी आणि त्यावर माजलेली जलपर्णी. तेव्हा राग काढायचाच तर सांडपाण्यावर काढा, चिखलाने काय केलं?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पक्ष्यांनी पोट भरत नाही, गोदामांनी भरतं. हे खरं आहे. माझे कितीतरी विद्यार्थी आज त्या गोदामांत हिशेब ठेवतात, माल मोजतात, गाड्या चालवतात. त्यांच्या घरची चूल त्यावर पेटते. तेव्हा गोदामं नकोत, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? पण खाजण आणि पाणथळ जागा रिकाम्या पडलेल्या नसतात, त्या कामावर असतात. भरतीचं आणि पावसाचं पाणी पसरायला तीच जागा. ती भरून टाकली की पाणी दुसरी जागा शोधतं, आणि ती जागा आपलं घर असते. कामवारीच्या काठी राहणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. सातबाऱ्यावर एखाद्या जमिनीपुढे 'पडीक' असं लिहिलेलं असेल, तर तो माणसाचा शेरा झाला. बगळ्याला विचारलं तर तो वेगळा शेरा मारेल.

कायद्याचं काय, असं कोणी विचारेल. कायदे आहेत. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने 2011 मध्ये देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह काढला. त्यात 2,01,503 जागा नोंदल्या, शिवाय सव्वादोन हेक्टरांहून लहान अशा आणखी 5,55,557. म्हणजे लहान तळी, डबकी मोठ्यांच्या अडीचपटीहून जास्त! सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्या दोन लाखांवर जागांना संरक्षणाची तत्त्वं लागू करायला सांगितलं. पण त्याच वर्षीच्या पाणथळ जागांच्या नियमांच्या व्याख्येत भातखाचरं बसत नाहीत, मिठागरं बसत नाहीत, पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसाने बांधलेले तलावही बसत नाहीत. आता आपल्या कोकणपट्टीत याखेरीज राहिलं काय? पक्ष्यांना व्याख्या वाचता येत नाही. ते भातखाचरातही उतरतात आणि मिठागरातही. तिवरांना मात्र मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने बराच आधार मिळाला आहे, हे कृतज्ञतेने सांगायला हवं.

जवळचंच उदाहरण घ्या. ठाण्याची खाडी कोणे एके काळी सांडपाणी सोडायची जागा म्हणूनच लोकांना ठाऊक होती. तिथल्या चिखलावर रोहित पक्षी हजारोंनी येऊ लागले. 2015 मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये तिचं नाव रामसर यादीत गेलं. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातली ही तिसरी जागा. त्या गुलाबी पक्ष्यांचं पोट भरतं कशावर? चिखलातल्या आणि उथळ पाण्यातल्या शेवाळावर आणि बारीक जीवांवर. तोच चिखल, ज्याला आपण नाक मुरडतो! फरक इतकाच, की रोहित गुलाबी आहे आणि त्याचा फोटो छान येतो. आमच्या तुतारीचा रंग मातकट. तिच्यासाठी कोण अभयारण्य मागणार?

म्हणून मला वाटतं, आधी नावं माहीत व्हायला हवीत. ज्याचं नाव ठाऊक नाही त्याच्याविषयी माया वाटत नाही. वर्गात साठ मुलं असताना पहिल्या आठवड्यात मी नावं पाठ करायची ती याचसाठी. मारुती चितमपल्ली 18 जून 2025 रोजी गेले. त्यांनी जन्मभर जंगलात राहून, आदिवासींकडून, पारध्यांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली आणि 'पक्षीकोश' मराठीला दिला. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सलीम अलींचा 12 नोव्हेंबर. या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात 'पक्षी सप्ताह' म्हणून पाळतात. शाळांनी तो जरूर पाळावा. पण नोव्हेंबरात पाहुणे नुकते आलेले असतात. माझ्या मते शाळेची खरी सहल फेब्रुवारीत काढावी, पाणी ओसरल्यावर. तेव्हा पक्षी काठाशी येतात, दुर्बीण नसली तरी दिसतात, आणि मुलांना निरोप म्हणजे काय तेही कळतं.

मोठ्यांसाठीही काम आहे. दर फेब्रुवारीत जगभर चार दिवस लोक आपल्या अंगणातले, परसातले पक्षी मोजतात. 1998 मध्ये अमेरिकेत हे सुरू झालं आणि 2013 पासून भारतातही होतं. पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि दिसेल ते लिहायचं, इतकं सोपं. भिगवणला जायला गाडी लागते, हजारोंचा कॅमेरा लागतो. आपल्या गावच्या तळ्याला एक वही पुरते. आणि खरं सांगू? भिगवणला मोजणारे पुष्कळ आहेत. आपल्या तळ्याला आपल्याशिवाय कोण आहे? दहा वर्षांची वही असली, तर 'पूर्वी पक्षी यायचे' हे नुसतं उसासा टाकून म्हणावं लागत नाही. कोणत्या वर्षी किती आणि कुठल्या काठावर, हे पालिकेच्या टेबलावर ठेवता येतं. उसाशाला कोणी उत्तर देत नाही, पण आकड्याला द्यावं लागतं.

माझी मागणीही फार मोठी नाही. तळ्याला भिंत घाला, वाट करा, बाक ठेवा, पण एक काठ कच्चा सोडा. चारातला एकच. तिथे दिवे नकोत, फरशी नको, पाटी हवी असेल तर एवढीच लावा : 'हा चिखल आहे. तो असाच राहू द्यावा.' आणि भराव, डागडुजी जी काही करायची ती मार्चऐवजी पाहुणे गेल्यावर, एप्रिल-मे महिन्यात करा. तोपर्यंत त्यांची शिदोरी बांधून झालेली असेल.

असो. बरंच लांबलं. जुनी सवय, तास संपल्याची घंटा झाली तरी फळ्यापासून हलायचं नाही!

पुण्याच्या, नाशिकच्या भाचरांनो आणि तिकडे अमेरिकेत बसलेल्या नातवंडांनो, तुमच्या जवळच्या तळ्याला कच्चा काठ उरला आहे का, ते एकदा बघून या. आणि तिथे कोण कोण चरताना दिसलं ते मला नावानिशी कळवा. नाव ठाऊक नसेल तर चोच कशी होती तेवढं लिहा, नाव आपण शोधू.