मोहिमेवर गेलेले सोबती

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेतील नववीच्या एका विद्यार्थ्याच्या घरी जाण्याचा योग आला. त्याच्या वडिलांशी माझे बोलणे चालू असता तो थोरल्या भावाच्या संगणकापुढे बसला होता. पडद्यावर जुन्या धाटणीचा एक नकाशा पसरलेला, त्यावर ठिकठिकाणी खुणा, आणि काही खुणांपाशी उरलेला वेळ दाखविणारे आकडे. हे काय चालले आहे, असे मी सहज विचारले. तो म्हणाला, "सर, माझी माणसे मोहिमेवर गेली आहेत. उद्या सकाळी परत येतील." मी विचारले, "ती आता कोठे आहेत? वाटेत काय करीत असतील?" मुलगा क्षणभर गोंधळला. "ते दिसत नाही, सर. फक्त वेळ दिसतो," इतके सांगून त्याने संगणक बंद केला व तो जेवावयास उठला. संगणक बंद झाला तरी ती माणसे मात्र चालतच होती म्हणे!

व्हिडिओ गेम हा शब्द कानी पडताच आम्हां वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात, हे कबूल केले पाहिजे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइल ह्या खेळावर बंदी घातली तेव्हा आम्हां शिक्षकांतही समाधानच व्यक्त झाले होते. परंतु जी वस्तू आपण पाहिली नाही तिची निंदा करणे शिक्षकास शोभत नाही, अशी माझी समजूत आहे. म्हणून मी त्या विद्यार्थ्यास व त्याच्या भावास गुरू केले आणि चार-पाच रविवार त्यांजपाशी बसून ह्या खेळांची रीत समजावून घेतली. जे समजले व त्यावरून जे वाटले, ते येथे मांडतो. विद्यार्थ्यांपेक्षा पालकांनी ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

तो नकाशा ज्या खेळातला, त्याचे नाव 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन'. कॅनडातील बायोवेअर ह्या कंपनीने तयार केलेला हा खेळ २०१४ साली प्रसिद्ध झाला. (त्या वेळी भारतात तो विक्रीस आणण्याचा बेत रद्द झाला होता, तरी तो नांदेडच्या एका गल्लीत कसा पोहोचला, हे मी विचारले नाही.) विस्तीर्ण कल्पित प्रदेश, त्यात जादूगार, राक्षस व राजेरजवाडे, आणि नायकाने मनास येईल त्या दिशेस भटकावे, अशी त्याची रचना. मात्र नायकास सर्वच कामे स्वतः करता येत नाहीत. त्याच्या किल्ल्यात एका मेजावर नकाशा मांडलेला असून भोवती तीन सल्लागार उभे असतात : एक सेनापती, एक राजदूत व एक हेरांची प्रमुख. दूरदेशीचे काम निघाले की नायकाने तिघांपैकी एकास ते सोपवावयाचे. सेनापती शिपाई धाडतो, राजदूत गोड बोलून काम साधते, हेरप्रमुख गुपचूप माणसे पेरते. काही कामांस थोडी मिनिटे लागतात, काहींस कित्येक तास. आणि हा काळ आपल्या भिंतीवरील खऱ्या घड्याळाप्रमाणे चालतो.

अशी युक्ती इतर खेळांतही आहे. २०१० सालच्या 'असॅसिन्स क्रीड : ब्रदरहुड' मध्ये सोळाव्या शतकातील रोम शहरातला नायक कबुतरखान्यापाशी जाऊन आपल्या शिष्यांस युरोपातील नाना शहरी रवाना करतो. निघण्यापूर्वीच यशाची शक्यता शेकडा किती, तो आकडा दिसतो. २०१४ सालीच 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळाच्या नव्या भागात प्रत्येक खेळाडूस एक छावणी व तेथील अनुयायी मिळाले. त्यांसही असेच धाडावयाचे. पुढे २०१६ मध्ये तर हे काम मोबाइलवरून करण्याची सोय झाली. म्हणजे आगगाडीत बसल्या बसल्या खिशातून यंत्र काढावे, चार अनुयायांस डोंगरापलीकडे पिटाळावे आणि यंत्र पुन्हा खिशात घालावे!

आता ह्यात चांगले काय ते प्रथम सांगतो. आमच्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी २०२० साली 'राजी' नावाचा एक देखणा खेळ तयार केला. त्यातील मुलगी आपल्या हरवलेल्या भावाच्या शोधार्थ एकटीच असुरांशी झुंजते. बहुतेक खेळांचा व बहुतेक सिनेमांचा नायक असा एकटाच सर्व काही करणारा असतो, आणि मुलांस तेच खरे वाटू लागते. त्या मानाने नकाशापुढे उभा असलेला नायक अधिक शहाणा म्हटला पाहिजे. आपल्यास सर्वत्र पोहोचता येत नाही हे तो जाणतो. कोणते काम कोणाच्या हातून होईल ह्याचा विचार करतो. आणि एकदा सोपविल्यावर मध्ये लुडबुड करीत नाही. शाळेतील स्नेहसंमेलनाच्या वेळी आमचे वर्गप्रमुख पडद्यापासून पेढ्यांपर्यंत सर्व कामे स्वतःच करावयास धावतात व शेवटी रडकुंडीस येतात, त्यांनी ही नकाशाची विद्या अवश्य शिकावी.

माझा आक्षेप निराळा आहे. ह्या खेळांत पाठविणाऱ्यास काहीच पडत नाही. रोममधील नायकाने धाडलेला शिष्य अपयशी झाला तर त्यास मरण येते. नायक मात्र रस्त्यात शिपायांच्या तडाख्यातून दुसऱ्या एखाद्या नागरिकास सोडवितो व त्यास शिष्य करून घेतो. गेलेल्या माणसास ताप आला काय, नदी ओलांडताना तो भ्याला काय, रात्री त्यास घराची आठवण झाली काय, ह्याचा पत्ता पाठविणाऱ्यास कधीच लागत नाही. जाताना शेकड्यांतील एक आकडा आणि येताना सोन्याची थैली, मधली सगळी वाट कोरी.

तरी न्यायाने बोलावयाचे तर ह्या कोऱ्या वाटेची जाणीव करून देणारी एक गोष्ट त्या पहिल्या खेळातच आहे, आणि ती पाहून मी स्तब्ध झालो. नायक एल्फ जातीचा असेल तर त्याचे कुळ, म्हणजे ज्यांनी त्यास वाढविले ती माणसे, दूर देशी राहत असतात. त्यांच्यावर संकट आल्याचे पत्र मेजावर येते. नायक कोणातरी सल्लागारास पाठवितो. पुन्हा पत्र, पुन्हा कोणास तरी पाठविणे. ह्या मालिकेत सल्लागाराची निवड चुकली तर एके दिवशी वार्ता येते की कुळ नष्ट झाले. लढाई दिसत नाही, किंकाळी ऐकू येत नाही. थोड्या ओळींचे पत्र, बस्स. माझ्या विद्यार्थ्याच्या भावाचे असेच झाले होते. तो म्हणाला, "सर, मी घाईत होतो. ज्याला वेळ कमी लागतो त्यालाच पाठवले." असे सांगताना हा एकोणीस वर्षांचा मुलगा खाली पाहत होता. कल्पित माणसांसाठी का होईना, त्यास वाईट वाटले होते. खेळ करणाऱ्याने येथे काहीतरी खरे गाठले आहे, असे मला वाटते.

आमच्या नांदेडास हा विषय परका नाही. १७०८ साली ह्याच गोदातीरी गुरू गोविंदसिंहांस माधोदास बैरागी भेटला. त्यास त्यांनी बंदासिंह केले व पंजाबच्या मोहिमेवर पाठविले. पाठविताना त्यांनी काय दिले ते पाहा : परंपरा सांगते की आपल्या भात्यातील पाच बाण दिले, निशाण व नगारा दिला, निवडक शीख बरोबर दिले; आणि पंजाबातील शिखांस हुकूमनामे लिहून दिले की ह्यास साहाय्य करा. मग त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गुरूंचे येथेच निर्वाण झाले. मे १७१० मध्ये बंदासिंहाने सरहिंद जिंकले, ती वार्ता ऐकावयास पाठविणारा ह्या जगात नव्हता. जून १७१६ मध्ये दिल्लीस बंदासिंहाचा वध झाला, तेही त्यांस कळावयाचे नव्हते. सचखंड साहिबच्या दर्शनास देशोदेशीचे लोक येतात, त्यांतील कित्येक बंदाघाटावरही जाऊन येतात. आमची मुले रोज त्या रस्त्याने सायकली हाकतात, पण येथून कोणी एक माणूस पाठविला गेला होता व त्यास वाटखर्च म्हणून काय मिळाले होते, हे त्यांस क्वचितच ठाऊक असते.

आणि दुसऱ्याही एका पाठवणीचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुखेड-कंधारकडील तांड्यांतून व खेड्यांतून ऊसतोडीस माणसे निघतात. मुकादम उचल देतो व वहीत नोंद करतो. त्या नोंदीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. किती माणसे गेली असे कोणी विचारीत नाही. किती कोयते गेले असे विचारतात. खेळातील आकड्यांची यादी पाहताना मला ती वही आठवली. ज्यांचे आईबाप असे कोयता होऊन गेले आहेत अशी मुले आमच्या वर्गांत बसतात. पाठविणाऱ्याच्या यादीत जे अंक असतात, ते कोणाचे तरी आईबाप असतात, हे त्यांस शिकवावे लागत नाही.

आता पालकांकडे वळतो. दहावीचा निकाल लागला की आमच्या जिल्ह्यातून शेकडो मुले-मुली लातुरास जातात. लातूर पॅटर्नची कीर्ती मी नव्याने सांगावयास नको. नीट, जेईई, सीईटी ह्या परीक्षांच्या तयारीसाठी ती मुले तेथे खोल्या घेतात, खानावळीत जेवतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत वर्ग व अभ्यासिका ह्यांत असतात. मी ह्यास नावे ठेवीत नाही. डॉक्टर वा इंजिनियर होऊन घर वर काढलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. पण गेली काही वर्षे पालकांशी बोलताना मला असे दिसते की नकाशा, घड्याळ आणि शेकड्यातील आकडा, एवढेच आमच्या हाती उरले आहे. फी भरली, गादी पोहोचविली, आता दोन वर्षांनी निकाल. रविवारी फोन करावयाचा व विचारावयाचे, "टेस्टला किती पडले?" तो आकडा कमी असेल तर आवाज चढवावयाचा. आकडा चांगला असेल तर पुढचा प्रश्नच सुचत नाही.

हे मी कोरड्या उपदेशाच्या पोटी लिहीत नाही. १९९६ साली मीही असाच लातुरास पाठविला गेलो होतो. तेव्हा फोन नव्हता. आठवड्यास एक पत्र. पहिल्याच हिवाळ्यात मला कावीळ झाली. तीन आठवडे मी खोलीत पडून होतो, आणि त्या तीनही आठवड्यांत घरी मी हेच लिहिले की मी खुशाल आहे, अभ्यास चालू आहे, काळजी नसावी. खोटे लिहिले, कारण घरी दुसरे काही वाचावयाचे नाही अशी माझी समजूत होती. चौथ्या आठवड्यात वडील न कळविता यष्टीने आले. दार उघडल्यावर माझे पिवळे डोळे पाहून ते काही बोलले नाहीत. त्यांनी डबा उघडला, भाकरी कुस्करून ताकात कालविली व मला भरविली. मार्क विचारले नाहीत. त्या सबंध वर्षात मला धीर आला तो त्या दिवशी. आज विचार करता वाटते, की त्यांस दिवसाची मजुरी बुडवून यावे लागले, पण न येता ते माझ्या पत्रांवर विश्वासून राहिले असते तर काय झाले असते?

त्याच विद्यार्थ्याचे वडील परवा शाळेत आले होते. मुलगा पुढील वर्षी दहावीस जाईल, त्यानंतर त्यास लातुरास पाठवावा की येथेच ठेवावा, असा त्यांचा प्रश्न. त्यांचे वजिराबादेत किराणा दुकान आहे. मी म्हटले, पाठवा. मुलगा हुशार आहे व जिद्दीचाही आहे. पण आधी मला एक सांगा, दर महिन्यास कोणत्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे जाणार? हा प्रश्न त्यांस अनपेक्षित होता. "सर, फोन आहे की," ते म्हणाले. मी त्यांस त्यांच्या थोरल्या मुलाच्या खेळातील पत्राची हकीकत सांगितली. ती त्यांस ठाऊक नव्हती. ऐकून ते बराच वेळ खिडकीबाहेर मैदानावर चाललेला खो-खो पाहत राहिले. मग उठता उठता म्हणाले, "महिन्याचा दुसरा रविवार दुकान बंद ठेवता येईल, सर. सकाळच्या गाडीने गेलो तर रात्री परत येता येतं."