सहा महिने म्हणजे सहाच
लालबागला खोली घ्यायची म्हटली की माणूस काय काय बघतो! उजेड कुठून येतो, नळाला पाणी किती वाजता येतं, गणपतीचे दहा दिवस गर्दीतून घरी पोचायचं कसं. पगडीची असेल तर भाडेपावती नावावर करायला घरमालक किती घेणार, यावर महिनाभर घासाघीस. मालकी हक्काची असेल तर सहा टक्के मुद्रांक शुल्क निमूट भरतो. पण जिन्याखाली फळीवर ठोकलेल्या, तैलरंगात खोली नंबर लिहिलेल्या त्या मीटरवर कोणाची किती थकबाकी चढलीय, हे बघायला फुरसत नसते. दलाल म्हणतो, "लाईट बिलाचं काय घेऊन बसलात साहेब, होऊन जाईल ते."

होतं ना. आपल्या खिशातून होतं.

नावबदलाचा अर्ज घेऊन मी वीज कार्यालयात गेलो. खिडकीतल्या गृहस्थांनी कॉम्प्युटरकडे बघूनच फर्मावलं, "अडीच वर्षांची बाकी आहे. आधी ती भरा, मग नाव." बिलावरचं नाव विकणाऱ्याच्या वडिलांचं, ते केव्हाच वारलेले. चिरंजीव डोंबिवलीला. पंखे त्यांचे फिरले, फ्रीज त्यांचा चालला, गीझरवर आंघोळी त्यांनी केल्या आणि पैसे मी भरायचे!

अन्याय आहे म्हणून कोर्ट धावून येईल, या भ्रमात राहू नका. 1995 मध्ये ईशा मार्बल्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लिलावातल्या खरेदीदाराला आधीच्या मालकाच्या थकबाकीतून सोडवलं होतं. पण ते 1910 च्या जुन्या कायद्याखाली. मे 2023 मध्ये के. सी. निनान खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की नियमांत तशी तरतूद असेल तर जुनी बाकी नव्या मालकाकडे मागता येते. आणि महाराष्ट्रात तरतूद आहेच. वीज नियामक आयोगाच्या 2005 च्या पुरवठा संहितेतल्या नियम 10.5 ने ही थकबाकी जागेवरचा बोजा ठरवली. मात्र त्याच नियमाला एक शेपूट होतं: जोडणी वारसाच्या नावे होत नसेल, तर नव्या मालकाच्या गळ्यात जास्तीत जास्त सहा महिन्यांचीच बाकी पडते. 2021 च्या नव्या संहितेनेही ही तरतूद आणि ही मर्यादा ठेवली. खिडकीवर पूर्ण आकडा खणखणीत सांगतात, शेपूट गिळतात.

मुळात अडीच वर्षं साचलीच कशी? घरगुती ग्राहकाला बिल भरायला 21 दिवस. नाही भरलं तर 2003 च्या वीज कायद्याचं कलम 56 सांगतं, 15 दिवसांची लेखी नोटीस द्या आणि पुरवठा तोडा. म्हणजे सव्वा महिन्यात वायर कापायचा अधिकार, वर ग्राहकाची अनामत रक्कम स्वतःकडे. एवढी हत्यारं हातात असून ज्यांनी अडीच वर्षं मीटर फिरू दिला, त्यांनी त्या झोपेचे पैसे माझ्याकडे मागावेत? बाकी दर महिन्याला बिलावर छापण्यात मात्र हयगय नाही. न छापली तर त्याच कलमाप्रमाणे दोन वर्षांनी ती वसूल करणं जड जातं, हे त्यांना चांगलं पाठ आहे.

सगळं माफ करा, असंही मी म्हणत नाही. मेव्हण्याच्या नावावर खोली करून बिल बुडवणारे महाभाग गिरगावपासून परळपर्यंत प्रत्येक वाडीत निघतील. म्हणून सहा महिने मान्य. पण सहा म्हणजे सहा.

तोंडी वाद घालण्यात अर्थ नसतो. नियमाचा क्रमांक घालून लेखी अर्ज दिला, पोच घेतली, वीज तोडण्याची नोटीस कधी बजावली त्याची प्रत मागितली आणि ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यावर विद्युत लोकपाल, ही पुढची वाट माहीत असल्याचंही त्यात नमूद केलं. नोटिशीची प्रत काही सापडली नाही. सहा महिन्यांचा हिशेब मात्र ताबडतोब सापडला.

तो भरला आणि डोंबिवलीला फोन लावला. "व्यवहार पूर्ण झाला ना आपला?" असं म्हणून चिरंजीवांनी ठेवून दिला. तिकडे फ्लॅट घेताना याच माणसाने आधीच्या मालकाचं शेवटचं लाईट बिल भरल्याची पावती बघितल्याशिवाय टोकनसुद्धा दिलं नव्हतं. हे मला दलालानेच सांगितलं, आणि वर मोठ्या कौतुकाने.