औषधांची बेगमी

मृग लागण्यापूर्वी खेडोपाडी बेगमीची धांदल सुरू होते. धान्याला ऊन दाखवले जाते, सरपण पडवीत येते, मीठ-मिरची, डाळी, पापड-कुरडया आणि कोकणात सुकी मासळी डब्यांत भरली जाते. ओढ्याला पाणी आले, घाटात दरड कोसळली, तरी घरातली चूल पेटती राहावी हा या तयारीमागचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा आहे. या यादीत एक गोष्ट मात्र क्वचितच आढळते, ती म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची रोजची औषधे. ज्वारी संपत आली की घरधनिणीला आठ दिवस आधी कळते. रक्तदाबाची गोळी संपली हे मात्र रिकामी पट्टी हाती आल्यावर उमगते. तोवर तालुक्याचा बाजार होऊन गेलेला असतो आणि पुढचा बाजार सहा दिवसांवर असतो.

या सहा दिवसांत काय होऊ शकते आणि ते कसे टाळावे, याचा विचार या लेखात करू.

गावात औषधांचे दुकान का नसते, हे आधी पाहिले पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ चे नियम यांनुसार किरकोळ औषधविक्रीसाठी परवाना लागतो. दुकानाला किमान १० चौरस मीटर जागा हवी, ठरावीक औषधांसाठी शीतकपाट हवे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिली गेली पाहिजेत. या अटी रुग्णाच्या हिताच्याच आहेत. परंतु दोन-अडीचशे उंबऱ्यांच्या गावात एवढ्या खर्चाला पुरेल इतकी विक्री होत नाही, म्हणून दुकाने बाजाराच्या गावी आणि तालुक्याच्या ठिकाणी एकवटतात. हजारापर्यंत लोकसंख्येच्या गावात पॅरासिटामॉल, दुखण्यावरचे मलम, खोकल्याच्या गोळ्या अशी काही घरगुती औषधे परवान्याविना विकण्याची सवलत नियमांत आहे. रक्तदाब, मधुमेह, फेफरे, हृदयविकार यांची औषधे त्यात बसत नाहीत. सारांश, किराणा दुकानात डोकेदुखीची सोय होते. आयुष्यभर घ्यावयाच्या औषधाची होत नाही.

खंड पडला तर

रक्तदाबाच्या रुग्णाला औषध संपल्यावर बहुधा काहीच जाणवत नाही. अॅम्लोडिपिनसारख्या औषधाचा अंश शरीरात दोन-तीन दिवस टिकतो. त्यामुळे ‘गोळी नव्हती तरी काही झाले नाही’ असा समज होतो आणि सहा दिवसांचा खंड पुढे महिन्याचा होतो. दरम्यान रक्तदाब निमूटपणे वाढत असतो. पक्षाघाताचा झटका पूर्वसूचना देऊन येतोच असे नाही.

काही औषधे तर एकाएकी बंद करणे त्याहून धोक्याचे असते. अॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गटातील गोळ्या अचानक थांबल्यास छातीत दुखणे, धडधड असे त्रास उफाळून येऊ शकतात. क्लोनिडिन बंद पडल्यास रक्तदाब झपाट्याने चढतो. फेफऱ्याचे औषध चुकले तर एकामागून एक झटके येण्याची भीती असते. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाने क्लोपिडोग्रेल किंवा अॅस्पिरिन परस्पर थांबवल्यास त्या जागी गुठळी होऊ शकते. इन्सुलिन आणि दीर्घकाळ चालू असलेली स्टिरॉइडची गोळी यांतही खंड चालत नाही.

उलट, कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वाच्या गोळ्या चार दिवस उशिरा आल्या तर सहसा बिघडत नाही. म्हणून पुढील भेटीत डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘यांपैकी कोणती औषधे एक दिवसही चुकता कामा नयेत?’ त्या औषधांपुढे कागदावर ठळक खूण करून घ्यावी. प्रवासभाड्याला आणि औषधाला मिळून पैसे अपुरे पडतात तेव्हा आधी काय आणायचे, याचा निर्णय ही खूण करून देते.

राखीव साठा कसा ठेवावा

बेगमीचा पहिला नियम म्हणजे शेवटची गोळी संपण्याची वाट पाहायची नाही. घरात नेहमी किमान पंधरा दिवसांचा साठा शिल्लक असावा. तेवढ्यावर आला की नव्याने आणावे. ज्यांचा रस्ता पावसाळ्यात तुटतो त्यांनी मे महिन्यातच एक-दीड महिन्याची सोय करावी. गडचिरोलीत पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण दर पावसाळ्यात वाचतो. सह्याद्रीच्या कुशीतील अनेक वाड्यांची स्थिती फारशी वेगळी नसते. ज्यांची तब्येत स्थिर आहे त्यांनी ही अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगून दोन महिन्यांची चिठ्ठी मागण्यास संकोच करू नये.

मात्र साठा म्हणजे ढीग नव्हे. वर्षभराची औषधे एकदम भरली तर मध्येच डॉक्टरांनी मात्रा बदलल्यास ती वाया जातात आणि चुकून जुनीच घेतली जाण्याचा धोका राहतो. नवी औषधे डब्यात मागे आणि जुनी पुढे ठेवावीत. आधी आलेली आधी संपवावीत. बंद केलेली औषधे त्या डब्यात राहू देऊ नयेत.

सुट्या गोळ्या घेताना एक काळजी घ्यावी. वापराच्या अंतिम मुदतीची तारीख पट्टीच्या एकाच टोकाला छापलेली असू शकते. दुकानदार ते टोक कापून देतो तेव्हा उरलेल्या तुकड्यावरून मुदत कळत नाही. ‘तारीख असलेली बाजू मला द्या’ असे सांगावे, शक्य तर पूर्ण पट्टी घ्यावी आणि पावती मागून जपून ठेवावी. औषधात दोष निघाला तर तक्रारीसाठी पावतीवरचा गट क्रमांक हाच पुरावा असतो.

औषधांचा डबा चुलीजवळ, पत्र्याच्या छपराला लागून, ऊन येणाऱ्या खिडकीत किंवा न्हाणीघरात ठेवू नये. कोरडी, सावलीची आणि नातवंडांचा हात पोहोचणार नाही अशी फळी त्यासाठी निवडावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास ते निकामी होते. वापरात असलेली बहुतेक प्रकारची इन्सुलिनची कुपी सुमारे चार आठवडे थंड सावलीत चालते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी. जेथे शीतकपाट नाही किंवा वीज तासन्‌तास जाते, तेथे मातीच्या माठाचा चांगला उपयोग होतो. मोठ्या मडक्यात ओली वाळू घालून त्यात लहान मडके बसवावे आणि कुपी पिशवीत बांधून आतल्या कोरड्या मडक्यात ठेवावी. वाळू रोज ओली करावी. हा गारवा शीतकपाटाइतका नसतो, परंतु उन्हाळ्यातील खोलीच्या उष्णतेपासून औषध वाचवण्यास त्याची मोठी मदत होते.

एकाच औषधाची दोन नावे

ग्रामीण भागात वारंवार घडणारी आणि सहज टळणारी एक चूक येथे सांगितली पाहिजे. आजोबा प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाबाची गोळी आणतात. पुढे शहरातील मुलगा त्यांना खासगी डॉक्टरांकडे नेतो, तेथे दुसऱ्या नावाची गोळी मिळते. दोन्ही पट्ट्यांचे रंग निराळे, नावे निराळी. आजोबा दोन्ही घेत राहतात. वास्तविक दोन्हींत मूळ द्रव्य एकच असते आणि मात्रा दुप्पट होते. मग उठताना भोवळ येते, तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडून म्हातारपण अंथरुणाला खिळते.

यावर उपाय म्हणजे औषधांचा एक कागद. वहीच्या पानावर मोठ्या अक्षरांत पाच रकाने आखावेत: औषधातील मूळ द्रव्याचे नाव, मात्रा, वेळ, ते कशासाठी आहे आणि कोणत्या तारखेला संपेल. मूळ द्रव्याचे नाव पट्टीवर छापलेलेच असते. नातवंडांकडून वाचून घ्यावे. कोणत्याही डॉक्टरांकडे वा दुकानात जाताना हा कागद सोबत असावा. रिकामी पट्टी दाखवून औषध आणण्यापेक्षा हे शतपटीने सुरक्षित आहे. नेहमीच्या नावाचे औषध नसल्यास दुकानातील फार्मासिस्टशी मूळ द्रव्य आणि मात्रा पडताळून, शक्य असल्यास डॉक्टरांना फोन करूनच पर्याय घ्यावा.

सांधेदुखीवर ‘जालीम’ म्हणून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या सुट्या गोळ्यांपासून तर कटाक्षाने दूर राहावे. त्यांत स्टिरॉइड किंवा तीव्र वेदनाशामक असू शकते. अशा गोळ्यांनी साखर आणि रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडांना इजा होते आणि पोटात रक्तस्रावही होऊ शकतो.

जवळच असलेल्या सोयी

साधारणतः मैदानी भागात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, तर अनुक्रमे ५ हजार व ३ हजारांमागे एक उपकेंद्र, असे शासनाचे प्रमाण आहे. अनेक उपकेंद्रे आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ या नावाने ओळखली जातात. तेथील समुदाय आरोग्य अधिकारी रक्तदाब व साखर तपासतात, नेहमीची औषधे देतात आणि ‘ई-संजीवनी’ सेवेद्वारे दूरच्या डॉक्टरांशी बोलणेही करून देतात. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. आपली नियमित औषधे तेथे मिळतात का, याची चौकशी अनेक कुटुंबांनी एकदाही केलेली नसते.

ही व्यवस्था नीट चालली तर काय साधते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा या जिल्ह्यांचा समावेश होता. मोजकीच औषधे निश्चित करावीत, ती पुरेशी साठवावीत, रुग्णाला घराजवळ द्यावीत आणि न आलेल्या रुग्णाची आठवण ठेवावी, असे त्याचे साधे सूत्र आहे. तमिळनाडूने २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाची औषधे थेट रुग्णांच्या दारात नेण्याची योजना राबवली आहे. म्हणजे दुकान गावात आले नाही तरी औषध गावात येऊ शकते.

विकत घ्यावयाची औषधे स्वस्तात हवी असल्यास जनऔषधी केंद्रांचा विचार करावा. तेथील औषधे नामांकित कंपन्यांच्या औषधांपेक्षा निम्म्याने आणि काही वेळा त्याहूनही स्वस्त असतात. ‘जनऔषधी सुगम’ या मोबाईल अॅपवर जवळचे केंद्र आणि औषधाची किंमत पाहता येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने गावोगावच्या प्राथमिक कृषी पतसंस्थांना, म्हणजे आपल्या विकास सोसायट्यांना, अशी केंद्रे उघडण्याची वाट खुली केली आहे. सोसायटीच्या वार्षिक सभेत खताबरोबर हा विषयही एखाद्या ज्येष्ठाने मांडण्यास हरकत नाही.

एकट्याने नव्हे, मिळून

प्रत्येक घरातून एकेक जण तालुक्याला जाण्यापेक्षा वाडीतील पाच-सात घरांनी मिळून औषधांचा एक दिवस ठरवावा. आठवड्यातून एकदा एकाने सर्वांचे कागद घेऊन जावे. प्रत्येकाचे औषध आणि पावती निराळ्या पिशवीत, नाव लिहून आणावी. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास राज्यात मोफत आहे, ६५ ते ७५ वयोगटाला आणि महिलांना निम्मे भाडे आहे. बचत गटातील एखादी जाणती सून किंवा लेक हे काम उत्तम सांभाळू शकते. मात्र डॉक्टरांनी तपासायला बोलावले असेल तेव्हा रुग्णाने स्वतः गेलेच पाहिजे. आणलेली गोळी तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

आरोग्य केंद्रात औषध नाही असे उत्तर मिळाल्यास निमूटपणे परतू नये. औषध कधी येणार हे नम्रपणे विचारावे, तारीख टिपून ठेवावी. पुन्हा तेच घडल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी द्यावे आणि रुग्ण कल्याण समितीत व ग्रामसभेत विषय मांडावा. औषध न मिळालेल्यांची नोंद झाली तरच पुढची मागणी वाढवून पाठवली जाते.

शहरात राहणाऱ्या मुला-मुलींनाही एक विनंती. आई-वडिलांना फोनवर ‘गोळ्या घेता ना?’ असे विचारले की ‘हो’ हेच उत्तर येते; लेकराला काळजी नको म्हणून येते. त्याऐवजी ‘किती गोळ्या उरल्या आहेत, मोजून सांगता का?’ असे विचारावे. उरलेल्या गोळ्यांच्या संख्येवरून साठाही कळतो आणि मधले किती दिवस चुकले तेही कळते.

शेवटी दोन सूचना. एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट गोळी घेऊ नये. काय करावे हे डॉक्टरांना विचारून कागदावर आधीच लिहून ठेवावे. आणि तोंड एका बाजूला वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, छातीत कळ येणे अशी लक्षणे दिसताच डब्यातील गोळ्या शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आज सायंकाळी दिवेलागणीनंतर घरातील औषधांचा डबा उघडावा, गोळ्या मोजाव्यात आणि त्या कोणत्या तारखेपर्यंत पुरतील ते दिनदर्शिकेवर लिहावे. त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी एक गोल काढावा. पुढची औषधे त्या दिवशी आणावयाची आहेत.